मदत हवी आहे : जुन्या प्रवाळावरून समुद्राची उंची कशी काढतात?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ राहते, सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना मराठीतून विज्ञान शिकवते. यंदा जीवाश्म प्रवाळ घेतलेत. ओखा-द्वारकेचा किनारा आपल्याच राज्यातला, तेव्हा मुलं प्रश्न विचारणारच.

वयाचं गणित समजलंय. प्रवाळ सांगाडा बांधताना समुद्रातलं युरेनियम घेतो, थोरियम जवळजवळ नाहीच. मग युरेनियमपासून थोरियम बनत जातं आणि त्याच्या प्रमाणावरून सुमारे ५ लाख वर्षांपर्यंतचं वय निघतं. फक्त सांगाड्यातल्या अरॅगोनाइट या चुन्याच्या खनिजाचं कॅल्साइट हे दुसरं खनिज झालेलं नसावं, नाहीतर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

अडतंय ते उंचीपाशी. कॅरिबियन भागातल्या बार्बाडोस बेटावरच्या प्रवाळांवरून हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता असं कळलं. पण ते बेट स्वतःच वर उचललं जातंय! उचलण्याचा वेग तिथल्या सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या प्रवाळ-पायरीवरून (म्हणजे वर उचलल्या गेलेल्या जुन्या प्रवाळ-खडकाच्या पायरीसारख्या टप्प्यावरून) काढतात म्हणे. त्यासाठी तेव्हाची समुद्राची उंची आधीच ठाऊक हवी ना? ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यासारख्या स्थिर जागांवरून घेतात का? आणि प्रवाळ जागेवरच वाढलेला की वादळाने आणून टाकलेला, हे कशावरून ओळखतात?

भूशास्त्र शिकलेल्या कुणी ताई-दादांनी सोप्या मराठीत सांगावं, ही कळकळीची विनंती. प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून नमुने नकोत. स्वतः काढलेले फोटो असतील तर जरूर पाठवा.