वस्तऱ्याचे जुने निसणे: दगड ओळखायला मदत हवी

शनिवारपेठी
रविवारी जुन्या बाजारातून दोन निसणे उचलले. एक पिवळसर, खाली काळपट निळा थर. दुसरा करडा, तेल पिऊन चिकट झालेला. शिक्का नाही, लेबल नाही. विकणारा दोन्हींना 'बेल्जम' म्हणत होता. वस्तऱ्याला चालतील का? कसं ओळखायचं? फोटो डकवलेत.

कातरवेळ
जुन्या बाजारात सगळंच बेल्जियमचं असतं. आरसे, झुंबरं आणि आता दगड.

धोकटी
फोटोवरून नाव सांगणारे खूप भेटतील, पण तेलकट दगडाचा रंग हा तेलाचाच रंग असतो. आधी भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना ब्रश घेऊन धुवा. गॅसवर तापवू नका, तडकेल. मग जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून घासा, पण ओलंच. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट.

आता लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी किंवा संगमरवर, विषय संपला. भिंगाखाली सगळीकडे सारखी चमचम दिसली तर बहुधा कार्बोरंडम, म्हणजे कारखान्यातला. सुऱ्यांना उत्तम, वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेला भरड.

खरा निकाल वजनात लागतो. किचनच्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा. दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा, म्हणजे घनता मिळेल. ३ च्या आसपास किंवा वर आलं आणि दगड पिवळा असेल, तर बेल्जियमच्या आर्देन भागातला कोटिक्युल असण्याची शक्यता दाट. त्यात गार्नेट या कडक खनिजाचे बारीक कण असतात, पोलाद तेच कापतात आणि वजनही त्यांचंच. जर्मनीतला थुरिंजियन हा पाटीच्या जातीचा, २.७-२.८ भरतो. अमेरिकेतला अर्कान्सा म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. त्यातला सर्वांत घट्ट २.६ च्या आसपास, मऊ त्याहून हलका.

मुठाकाठ
आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा नाही का होत?

धोकटी
पाटा-वरवंटा होतो. बेसॉल्टमध्ये वेगवेगळ्या कडकपणाचे स्फटिक मिसळलेले असतात, वस्तऱ्याची धार करवतीसारखी होईल.

शनिवारपेठी
धुतले, मोजले. पिवळा ४१२ ग्रॅम, पाण्यात १३४. म्हणजे ३.०७! घासल्यावर दुधासारखा गाळ सुटला. दुसरा २८६ ला १०९, म्हणजे २.६२. तो साफ झाल्यावर पांढरट निघाला. कडेला मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड आत शिरतो. खिळा ओढला तर ओरखडा नाही, उलट दगडावर लोखंडाची रेघ उमटली.

धोकटी
वा! पहिला कोटिक्युल धरून चला. पिवळा आणि निळा थर जुळतात तो सांधा बघा. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर पाठ नंतर चिकटवलेली आहे आणि ती बहुधा साधी पाटी असते, तिच्यावर वस्तरा लावू नका. थर एकमेकांत मिसळत गेले असतील तर निळी बाजूही कामाची.

दुसरा अर्कान्सा वाटतो, पण अकीकही २.६ भरतो. आत पट्टे-पट्टे दिसतात का?

शनिवारपेठी
पट्टे नाहीत. पिवळ्याचा सांधा मात्र अगदी सरळ आहे.

धोकटी
मग दुसरा बहुधा अर्कान्साच. तो तेलावर किंवा साबणाच्या पाण्यावर चालवा, गाळाची वाट बघू नका, सुटत नाही. सावकाश काम करतो. पिवळ्यावर आधी गाळ करून धार काढा, मग गाळ पातळ करत शेवटचे हात नुसत्या पाण्यावर, वस्तरा स्वतःच्या वजनाने सरकू द्या. मग चामड्याचा पट्टा. आणि चिकटवलेला असल्यामुळे पाण्यात भिजत ठेवू नका, सांधा सुटतो. वरून शिंपडलेलं पाणी पुरतं.