विषय: अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अमळनेर, पावतीवर निघावं का?

मंडळी,
तिकिटं 20 एप्रिल 2017 ची आहेत आणि हिच्या आय-131 ची, म्हणजे अमेरिकेबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीच्या अर्जाची, नुसती पावती आलीय. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, निघा, मंजुरीचा कागद मागून कुरियरने येईल. टीपीएसवरचं (मायदेशी आपत्ती आली म्हणून अमेरिकेत तात्पुरतं राहू देतात ते) कुणी असं गेलंय का? हिची मुदत 24 जून 2018 पर्यंत आहे, वर्क परमिटही आहे. नेपाळात गोरखा जिल्ह्यातलं घर 2015 च्या भूकंपात पडलं, तेव्हापासून हिला माहेर असं उरलं नाही. आई रोज फोनवर, "आखाजीले सूनले लई ये." निंबाला झोका बांधायचं गड्याला सांगून झालंय.
– अमळनेरकर

भाऊ, पाया पडते, पावतीवर निघू नका. वर्क परमिट हा परत यायचा परवाना नव्हे. ॲडव्हान्स परोल, म्हणजे परत यायची आगाऊ मंजुरी, हातात नसताना देश सोडला तर टीपीएस जाऊ शकतं. नेपाळी पासपोर्टला भारतात व्हिसा लागत नाही, म्हणून जाताना कुणी हटकणार नाही. अडेल ते परतताना. माझी शेजारीण एल साल्वादोरची, 2001 च्या भूकंपापासून टीपीएसवर. आई गेली तेव्हा तिच्याकडे कागद नव्हता. ओट्याशी उभी राहून, फोन कानाला लावून तिने तिकडची प्रार्थना ऐकली. गॅसवरचं दूध मी उतरवलं.
– धुळ्याची काकू

टीपीएस कशाला धरून बसता? तुमचा एच-1, नोकरीचा व्हिसा आहे ना, वहिनींचा मुंबईत एच-4, त्यावरचा बायकोचा व्हिसा, स्टॅम्प करून आणा.
– चोपडेकर

आणि स्टॅम्पिंग रखडलं तर? ती अमळनेरला आणि भाऊ इथे, असं किती महिने? आधी वकिलाला विचारा.
– धुळ्याची काकू

वकिलाला विचारा हेच मी म्हणतो. ही ई-मेल यादी कार्यक्रमांसाठी आहे. मागच्या वेळी इथल्या सल्ल्याने काय गोंधळ झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. अखाजी 28 ला शुक्रवारी येते, हॉल 29 चा मिळालाय. सांजोऱ्या कोण करतंय ते कळवा.
– खजिनदार

दादा, लेकीबाळी माहेरी येतात म्हणून अखाजी. सूनबाईचा प्रश्न इथे नाही विचारायचा तर कुठे? सांजोऱ्या मी करते, 60.
– धुळ्याची काकू

60 पुरणार नाहीत, गेल्या वर्षी मुलांच्या ताटात अर्धी अर्धी आली होती.
– चोपडेकर

वकिलांशी बोललो. त्यांचंही तेच, कागद हातात आल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, आणि कागद असला तरी आत घेणं विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हातात. एच-4 चं नंतर सवडीने बघू. दोन्ही तिकिटं रद्द केली. आईला सांगितलं तर थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, झोका बांधते, पाऊस येईपर्यंत सोडत नाही. काकू, 29 ला ही तुमच्याकडे सकाळीच येईल, सांजोऱ्या लाटायला.
– अमळनेरकर