प्रतिसाद: नेपाळी जेवणातली दालचिनी

वर कोणीतरी विचारलंय की नेपाळी लोक दालचिनी फक्त मटणाच्या मसाल्यातच घालतात का, तर नाही हो, सिकर्नी राहिलीच की! दही फडक्यात टांगून त्याचा चक्का करायचा, साखर घालून फेटायचा, मग वेलची, सुकामेवा आणि दालचिनीची पूड, म्हणजे आपल्या श्रीखंडाची सख्खी बहीणच, फक्त जायफळ-केशराऐवजी तिथे दालचिनीचा वास पुढे असतो आणि आंबट दह्याबरोबर तो इतका सुंदर लागतो की एकदा करून बघाच.

आणि दुसरं म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात तमालपत्राचं झाड होतं, त्याची पानं तर वापरतातच पण सालही दालचिनी म्हणून विकतात. ती श्रीलंकेच्या दालचिनीसारखी कागदी पातळ, विडीसारखी गुंडाळलेली नसते, जाडसर खरखरीत असते, गोडवा कमी. मटणात आणि चहात मला तीच जास्त आवडते, सिकर्नीला मात्र पातळवालीच घ्या आणि पूड ताजी करा, डब्यातली जुनी पूड घातली तर नुसता भुसा लागतो. तमालपत्राचं पान खरं आहे का ते बघायचं तर त्यावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात, त्या बघा.