मदत हवी आहे: यादी करूनही किराण्याचं बजेट दर महिन्याला कोलमडतं

रिकामा डबा:
घरात चार माणसं, दोन मोठी आणि दोन शाळेत जाणारी. किराणा, भाजी, दूध, साबण-डिटर्जंट सगळं एकाच रकमेत बसवायचं आहे. ती रक्कम सोयीसाठी १०० धरा. गेल्या चार महिन्यांचा खर्च ११५, ११९, १२० आणि ११८, म्हणजे सरासरी ११८.

तीन गोष्टी करून झाल्या. यादीबाहेरचं घ्यायचं नाही असं ठरवलं. मोठ्या खरेदीला ते पाळलं जातं, मधल्या फेऱ्यांना यादीच नसते. रोख रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवली; पाकीट २५ तारखेच्या सुमारास रिकामं होतं आणि पुढचे दिवस कार्डावर निघतात. रोजचा खर्च मोबाइलवर लिहिला; पैसे कधी गेले ते कळतं, का गेले ते कळत नाही.

'कमी खा' छापाचा सल्ला नको. सुरुवात कुठून करायची आणि १०० हा आकडा मुळात बरोबर आहे का, एवढं सांगा.

मापटं:
ते बिलांवरून कळणार नाही. बिल खरेदी सांगतं, तुम्हाला खप हवा आहे. सूत्र दुकानदाराचंच: महिन्याच्या सुरुवातीचा साठा + महिनाभरातली खरेदी − महिनाअखेरचा साठा = खप.

एक तारखेला, नवीन सामान भरण्याआधी, डबे वजनकाट्यावर ठेवा. प्रत्येक रिकाम्या डब्याचं वजन एकदाच करून बुडाला चिकटपट्टीवर लिहून टाका, म्हणजे पुढे दर वेळी डबा उपसावा लागत नाही. सगळं मोजत बसू नका. ज्या दहा-बारा जिनसांवर निम्म्याहून जास्त पैसा जातो (धान्य, डाळी, तेल, साखर वगैरे) तेवढ्या पुरेत. भाजी-दुधाचा साठा शून्य धरला तरी फरक पडत नाही.

समजा सुरुवातीचा साठा २०, खरेदी ११८ आणि अखेरचा साठा ३२ निघाला. खप झाला १०६. म्हणजे १०० च्या वरच्या १८ पैकी १२ अजून डब्यांतच शिल्लक आहेत, खर्ची पडलेले नाहीत. पुढची यादी तेवढ्याने आखूड व्हायला हवी. बहुतेक घरांत ती होत नाही, कारण नवी यादी जुन्या यादीवरून उतरवली जाते, डबे उघडून नाही.

साबण-डिटर्जंट आधी वेगळ्या रकान्यात काढा. ते दोन-तीन महिन्यांनी एकदम येतं आणि ज्या महिन्यात येतं त्या महिन्याचं चित्र बिघडवतं.

हिशेबवही:
वरच्या प्रतिसादाला जोड. खप वाढला की भाव वाढले, हे वेगळं करा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

भावाचा फरक × जुनं वजन = महागाईचा वाटा. वजनाचा फरक × नवा भाव = जादा वापराचा वाटा. उदाहरणार्थ एखादी जिन्नस मागे ५ किलो, भाव १०, एकूण ५०. आता ६ किलो, भाव ११, एकूण ६६. फरक १६; त्यातला महागाईचा १ × ५ = ५ आणि वापराचा १ × ११ = ११. महागाईच्या नावाने बोटं मोडण्याआधी हे गणित एकदा करावं. महागाईचा वाटा मोठा असेल तर बजेटचा आकडाच वाढवावा लागेल, कितीही शिस्त पाळली तरी १०० मध्ये बसणार नाही. वापराचा मोठा असेल तर आणखी एक तपासा: घरात जेवणं किती झाली. चार माणसं, दोन वेळा, ३० दिवस म्हणजे २४० ताटं. तीन पाहुणे पाच दिवस राहिले की ३० ताटं वाढली, साडेबारा टक्के. तो महिना चुकलेला नाही, फक्त मोठा होता. महिन्याच्या खर्चाला ताटांनी भागून दर ताटामागचा आकडा काढलात तर पाहुण्यांचे महिने आणि सुट्टीत बाहेरगावी गेलेले महिने एकमेकांशी ताडून पाहता येतात.

वजन लिहिताना पुड्यावरचं निव्वळ वजन वाचून लिहा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी केलेला असतो, आणि 'एक पुडा' अशी नोंद असली की ती वाढ दिसतच नाही.

पाकीट २५ला का संपतं, याचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे: १०० ला ११८ ने भागून ३० ने गुणलं की २५.४ येतं. म्हणजे गळती महिनाअखेरीस नाही, पहिल्या तारखेपासून रोज थोडी थोडी आहे.

आठवड्याची मर्यादा घालणार असाल तर १०० भागिले ४ करू नका. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. उरलेल्या दोन-तीन दिवसांना पैसेच ठेवलेले नसतात आणि तिथेच ७ ते ११ टक्के तूट येते. बाराने गुणून ५२ ने भागा: आठवड्याला २३.

लाडूचा डबा:
उत्पन्नाच्या किती टक्के किराणा असावा, हेही बघा ना. कुठेतरी ठरलेला आकडा असेल.

हिशेबवही:
ठरलेला आकडा नाही आणि असूही शकत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न वाढत जातं तसा अन्नावरच्या खर्चाचा त्यातला वाटा घटत जातो. दुसऱ्याच्या टक्क्याशी तुलना करून धागाकर्त्यांच्या हाती काही लागणार नाही.

रिकामा डबा:
डबे मोजायला एक तारखेची वाट बघावी लागेल, पण गेल्या महिन्याची बिलं वेगळी काढली. मोठी यादी ७०, मधल्या ११ फेऱ्या मिळून ४८. त्या ४८ पैकी ३० भाजी-दुधाचे, १८ किरकोळ. म्हणजे जादा खर्च तो हाच?

चिमूटभर:
आकडा जुळला म्हणून कारण सापडलं असं नाही. त्या १८ मध्ये दोन प्रकार असतील. संपलं म्हणून आणलेलं, आणि तिथे गेलो म्हणून आणलेलं. बिलांवर पेन घेऊन बसा, ज्या वस्तूसाठी फेरी झाली तिच्यापुढे खूण करा. बिनखुणेच्या ओळींची बेरीज हीच खरी गळती. खुणेच्या वस्तू तशाही लागणारच होत्या. त्यांची चूक एवढीच की त्या मोठ्या यादीत नव्हत्या आणि त्यांनी फेरी घडवली.

म्हणून मोह आवरण्याआधी फेऱ्या कमी करा. त्याला उपाय म्हणजे डब्यावरची रेघ. रोजचा वापर १५० ग्रॅम, खरेदी आठवड्यातून एकदा, आणि हाताशी तीन दिवसांची जास्तीची सोय, असे १० दिवस धरले तर दीड किलो. डब्यात दीड किलो भरून त्या पातळीवर बाहेरून रेघ मारा. माल रेघेखाली गेला की त्याच क्षणी यादीत नाव जातं. तळ दिसल्यावर लिहिलं तर तोवर उशीर झालेला असतो. अपारदर्शक डब्यांना रेघ चालत नाही. तिथे रेघेइतका माल पिशवीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवायचा, पिशवी सोडावी लागली की लिहायचं.

तेलासारख्या वस्तूला मात्र रेघ नको, माप हवं. मोठ्या डब्यातून थेट ओतलं की हात सैल पडतो. आठवड्याचं तेल छोट्या बाटलीत काढून ठेवा, पाचव्या दिवशी ती रिकामी झाली तर तिथल्या तिथे कळतं.

आणि घरपोच मागवत असाल तर 'इतक्याच्या वर डिलिव्हरी मोफत' हा आकडा गाठायला टाकलेल्या वस्तू बिनखुणेच्याच धरा. नको असलेली वस्तू डिलिव्हरी शुल्काहून महाग असेल तर सरळ शुल्क भरलेलं बरं.

लाडूचा डबा:
मोठे पुडे घेऊन फेऱ्या कमी होतात आणि स्वस्तही पडतं. एकदाच दोन महिन्यांचं भरा.

मापटं:
सरसकट नको. मोठ्या पुड्यावर १० टक्के सूट मिळाली आणि १५ टक्के माल खराब झाला, तर खरा भाव ०.९० ÷ ०.८५, म्हणजे जवळजवळ ६ टक्के महाग. अख्खं धान्य कोरडं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात असेल तर टिकतं. पीठ तेवढं टिकत नाही, कारण दळल्यावर दाण्यातली स्निग्धता हवेला उघडी पडून खवट होते. कुटलेल्या मसाल्यांचा वासही अख्ख्यांपेक्षा लवकर उडतो. साबण-डिटर्जंट मोठं घेतलं तर धोका कमी. शिवाय डबा भरलेला दिसला की हात मोकळा सुटतो, हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही. बजेट आधीच तुटीत असताना दोन महिन्यांचा पैसा एकदम अडकवणं मला पटत नाही.

सवलतींचंही तसंच. '२५ टक्के जादा' म्हणजे भावात २० टक्केच सूट. 'दुसरा अर्ध्या किमतीत' म्हणजे दोन्हींवर मिळून २५ टक्के. तेल लिटरमध्ये आहे की किलोत, हे बघूनच तुलना करा: लिटरभर खाद्यतेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं, त्यामुळे लिटरची पिशवी आणि किलोचा डबा एकाच किमतीला असतील तर पिशवी ९ टक्क्यांच्या आसपास महाग.

लाडूचा डबा:
खराब होण्याचा हिशेब मी धरला नव्हता. साबणापुरतं माझं म्हणणं ठेवा.

रिकामा डबा:
आकडा कितीवर ठेवू? आणि खरेदी आम्ही दोघंही करतो, त्यामुळे तीच वस्तू दोनदा येते. त्याचं काय?

हिशेबवही:
दोन महिने साठा मोजून जो खप निघेल तो पाया. एका महिन्याच्या मोजणीवर ठरवू नका. मापटं यांच्या उदाहरणातला १०६ खरा निघाला तर पहिलं बजेट १०६ अधिक ५ राखीव, म्हणजे १११. राखीव रक्कम भाववाढ आणि पाहुण्यांसाठी; उरली तर पुढे ओढायची, खर्चून टाकायची नाही. वर्षातून एकदा-दोनदाच लागणाऱ्या गोष्टींचा बारावा हिस्सा दर महिन्याला वेगळा काढायचा, तो यात मिसळायचा नाही. मग दर महिन्याला २ ने खाली या. एकदम १०० वर आणलंत तर पहिल्याच महिन्यात मोडेल आणि मोडलेलं बजेट घरात कुणी मनावर घेत नाही.

चिमूटभर:
दोघांच्या खरेदीसाठी यादी एकच आणि एकाच जागी: फ्रिजच्या दारावर किंवा दोघांच्या मोबाइलवर एकच सामायिक. प्रत्येक नावापुढे वजन आणि जास्तीत जास्त भाव लिहा. नुसतं 'डाळ' लिहिलं की एक जण अर्धा किलो आणतो, दुसरा दोन. वस्तू पिशवीत टाकताच ओळ खोडायची, घरी येऊन नाही. दुसरा त्या वेळी दुसऱ्या दुकानात असू शकतो. भाव लिहिलेल्याहून जास्त असेल तर न घेता परत यायचं किंवा निम्मं घ्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा.