‘ड्रॉपिंग द पायलट’ या १८९० च्या व्यंगचित्रात ढकलणारा कोणीच का दिसत नाही?

प्रश्न (नेरूळ) :
अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने इतिहासाच्या प्रकल्पासाठी हे चित्र निवडले आहे. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात ते २९ मार्च १८९० रोजी छापून आले. चित्रकार जॉन टेनिएल. खलाशाच्या वेशातला जर्मनीचा वृद्ध चान्सलर (सरकारचा प्रमुख) बिस्मार्क जहाजाच्या बाजूने पायऱ्या उतरत आहे आणि मुकुट घातलेला तरुण कैसर (जर्मन सम्राट) विल्यम दुसरा वर कठड्याला रेलून पाहत आहे. तिच्या मैत्रिणीने मथळ्याचे भाषांतर ‘वैमानिकाला खाली टाकले’ असे केले. तेव्हा विमानेच नव्हती, म्हणून ते आम्ही खोडले. पण बिस्मार्कला खरोखर काढून टाकले असेल, तर चित्र इतके शांत कसे, हे आम्हा दोघींनाही उमगत नाही.

उत्तर (ठाणे, नौपाडा) :
ताई, मी इतिहास शिकवून निवृत्त झाले आहे. बिस्मार्क १८६२ पासून प्रशिया या जर्मन राज्याचा मुख्यमंत्री आणि १८७१ पासून जर्मन साम्राज्याचा चान्सलर होता. विल्यम १८८८ मध्ये गादीवर आला तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याला स्वतः राज्य करायचे होते. समाजवाद्यांविरुद्धच्या १८७८ च्या कायद्याची मुदत वाढवण्यास संसदेने जानेवारी १८९० मध्ये नकार दिला, आणि पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत त्याच समाजवाद्यांना सुमारे १४ लाख मते पडली. शेवटची ठिणगी मात्र एका जुन्या, काहीशा कारकुनी वाटणाऱ्या आदेशावरून पडली : मंत्र्यांनी मुख्यमंत्र्याला डावलून राजाशी परस्पर कामकाज करू नये, हा १८५२ चा नियम बिस्मार्कने उकरून काढला आणि कैसरने तो रद्द करण्याचा आग्रह धरला. १८ मार्चला राजीनामा लिहिला गेला. चान्सलर नेमणे किंवा काढणे हा सम्राटाचाच अधिकार असल्यामुळे ढकलाढकलीची गरज नव्हती. राजीनामा मागितला की पुरे.

उत्तर (उरण) :
मी न्हावा शेवा इथल्या जेएनपीए बंदराच्या बाजूला पायलट लाँचवर, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीवर, काम करतो, त्यामुळे या चित्रातले ‘ड्रॉपिंग’ मला रोजचे आहे. त्याचा अर्थ फेकणे नव्हे, उतरवून देणे. बाहेर जाणारे जहाज अरुंद, उथळ वाटेतून सुखरूप निघाले की पायलट दोरशिडीच्या लाकडी फळ्यांवर पाय ठेवत आमच्या लाँचवर उतरतो. पायलट वाट सांगतो, पण जहाजाचा मालक तो नसतो. हुकूम शेवटपर्यंत कप्तानाचा. कैसर आणि बिस्मार्क यांचे नाते मला नेमके असेच दिसते.

आता चित्रातली खोच पाहा. पायलट शिडीवर असताना जहाजावरचा एक अधिकारी वॉकीटॉकी घेऊन कठड्याशी उभा राहतो आणि लाँचवर पाय टेकेपर्यंत नजर हलवत नाही. कैसरही तिथेच आहे, पण हाताची घडी घालून. त्याच्या मते पुढे खुला समुद्र आहे. टेनिएलला ते पटले नसावे.

उत्तर (ठाणे, नौपाडा) :
फार छान. यात एक भर घालते. राजीनाम्यानंतरच्या दिवसांत कैसरने स्वतःच एका तारेत, राज्याच्या जहाजावरच्या पहाऱ्याची जबाबदारी आता आपल्याकडे आली आहे, दिशा तीच राहील, अशा आशयाचे लिहिले होते. दिशा मात्र तीच राहिली नाही. रशियाशी १८८७ मध्ये केलेला गुप्त करार त्याच वर्षी संपू दिला गेला आणि १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सचा मित्र झाला. पण मुलीने चित्रात १९१४ चे युद्ध आधीच वाचू नये; टेनिएलपुढे फक्त मार्च १८९० होता. शिवाय सगळी वाट एकाच माणसाच्या डोक्यात राहील अशी व्यवस्था बिस्मार्कनेच बांधली होती, हा दोष चित्र पायलटच्या पदरी घालत नाही.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. मुलीने मथळा आता ‘पायलट उतरला’ असा लिहिला आहे. खाली वेगळा परिच्छेद करून तिने चित्रातल्या घडी घातलेल्या हातांविषयी लिहायला घेतले आहे.