प्रतिसाद: कॉमर्सवाल्याला सीएस५० झेपेल का?

कॉमर्स करून हार्वर्डचा सीएस५० (संगणकशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम) झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की झेपेल. पहिल्याच व्याख्यानात तो शिकवणारे प्राध्यापक डेव्हिड मेलन टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून नको तो अर्धा भाग टाकून देतात. १००० पानांत नाव शोधायला जेमतेम १० वेळा फाडावं लागतं! माझी भीती तिथंच गेली. सुरुवातीचं स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) सोपं आहे, खरा कस पुढे सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लागतो. त्यातल्या एका गृहपाठात मारिओ गेममधल्यासारखा हॅश (#) चिन्हांचा पिरॅमिड प्रोग्रॅमने रचण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. उंची ४ असेल तर ओळीआधी मोकळ्या जागा ३, मग २, १, ०, हे वहीत मांडलं तेव्हा कुठे सुटलं. कृपा करून आयती उत्तरं चिकटवू नका. आणि पैसे न भरताही सीएस५०चं स्वतःचं प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे फीची काळजी सोडा.