‘फेथफुल’ राहणे: विश्वासू, श्रद्धावंत की आणखी काही?

दुभाषी: आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांच्या चिंतनांची पुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरील चिंतनात असे म्हटले आहे की अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही देवाशी ‘फेथफुल’ राहून त्याच्यावर ‘ट्रस्ट’ ठेवावा. मी ‘विश्वासूपणे जगावे’ असे लिहिले, तर एका ज्येष्ठ सभासदांनी ते खोडले. विश्वासू हा नोकर असतो, फार तर कुत्रा असतो आणि उरलासुरला विश्वासू अर्जाच्या तळाशी ‘आपला’ म्हणून सही करतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सुचवलेला ‘निष्ठावंत’ ऐकला की मला उमेदवारीवरून नाराज झालेले कार्यकर्तेच दिसतात. काय लिहावे?

नगरी: विश्वासू नोकर असतो, हीच तर त्या शब्दाची थोरवी आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायात धनी म्हणतो, ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’. माझ्या आजोबांच्या थडग्यावर हेच वचन कोरलेले आहे आणि ते वाचून कोणाला कुत्रा आठवल्याचे ऐकिवात नाही. गलतीकरांस पत्रात आत्म्याचे फळ सांगतानाही ‘विश्वासूपणा’ आहेच. ज्येष्ठांना नमस्कार सांगा आणि आपला शब्द ठेवा.

कोरा कागद: अडचण वेगळीच आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो तो विश्वासू; जो विश्वास ठेवतो तो विश्वासू नव्हे. मराठीने ही दोन माणसे वेगळी केली, पण हिब्रूतील ‘एमुना’ आणि ग्रीकमधील ‘पिस्तिस’ या शब्दांत ती एकत्र नांदतात. निर्गमाच्या १७व्या अध्यायात अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात भरून येतात, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या ‘स्थिर’च्या जागी मूळ शब्द ‘एमुना’ आहे. ‘आमेन’ही त्याच धातूपासून आला. हबक्कूकचा जो ‘एमुना’ पौलाने रोमकरांस पत्रात ‘पिस्तिस’ म्हणून उद्धृत केला, त्याचे मराठीत ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ झाले आणि ते स्थिर हात मात्र वाटेत गळाले. मी ‘देवाला धरून राहावे’ असे लिहीन.

वसईकर: ‘धरून राहावे’ हे बोलायला ठीक, छापायला हलके वाटते. विश्वास आपण दूधवाल्यावरही ठेवतो. देवावर असते ती श्रद्धा. आमच्याकडे ‘श्रद्धा, आशा, प्रीती’ असेच ऐकत आम्ही वाढलो. श्रत् अधिक धा अशी तिची फोड आहे आणि लॅटिनमधील ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, तिचा दूरचा भाऊ लागतो. एवढे खानदानी नाते सोडून तुम्ही ‘श्वास’वाल्या शब्दामागे का धावता?

नगरी: खानदानाचेच काढायचे, तर ‘श्राद्ध’ही त्याच घरातले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, जे त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात छापले गेले, तेव्हा साध्या बाईमाणसाला कळेल अशा भाषेचा त्यांचा आग्रह होता आणि त्या स्वतः संस्कृत पंडिता होत्या. बाकी ‘विश्वास’मध्ये श्वास आहे याची मला लाज वाटत नाही. निर्धास्तपणे श्वास घेता येणे हाच भरवसा.

मडगावकरीण: भरवशाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आम्हा कोकणी ख्रिस्ती लोकांत हेच त्रिकूट ‘भावार्थ, भर्वंसो आनी मोग’ असे आहे. म्हणजे ‘भर्वंसो’ ही आमची आशा आणि श्रद्धेला आम्ही ‘भावार्थ’ म्हणतो. मराठी वाचकाला भावार्थ म्हटले की शाळेतला ‘पुढील ओळींचा भावार्थ लिहा’ आठवतो, याला इलाज नाही. पण ज्या मुलखात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले, त्या मुलखातला हा शब्द आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

कोरा कागद: मग ‘भाव’च का नको? नीतिसूत्रांच्या ३ऱ्या अध्यायात ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असे प्रॉटेस्टंट मराठीतच आहे. ‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या भाषेत तो परका नाही.

वसईकर: भाव ठेवला की ‘किलोला किती’ असे विचारतील. त्यापेक्षा ‘देवावर विसंबून राहावे’ म्हणा.

नगरी: विसंबणे? जुन्या मराठीत त्याचा अर्थ विसरणे, अंतर देणे असा आहे. आई लेकराला क्षणभरही विसंबत नाही, असे आमची आजी म्हणायची. देवाला विसंबून राहिलो, तर हबक्कूकचे सगळे मुसळ केरात.

वसईकर: ‘देवाला’ नव्हे, ‘देवावर’. विभक्ती बदलली की अर्थ बदलतो, आणि आजचा वाचक आजीच्या मराठीत वाचत नाही.

दुभाषी: माझे वाचक बहुतेक आज्याच आहेत.

कोरा कागद: मडगावकरीण, भर्वंसो जर आशेकडे गेला, तर नुसत्या भरवशासाठी कोकणीत काय उरले?

मडगावकरीण: ‘पातयेवप’. माझ्या मते त्याचे नाते ‘प्रत्यय’शी असावे.

नगरी: आणि मराठीतल्या ‘पत’शी? बाजारात पत असलेला माणूस तो विश्वासूच की.

वसईकर: आता पतपेढीपर्यंत पोहोचलो. प्रत्ययावरून पत कशी झाली, ते आधी दाखवा.